कार्लची रायफल, काकांचा हात

ऑक्टोबरात आमच्या रस्त्यावरचे मेपल तांबडे होत आणि दुपार कलल्यावरचं ऊन घरांच्या गॅरेजांमध्ये तिरकं शिरे, तेव्हा भास्करकाकांच्या अर्ध्या उघड्या दारातून आधी तापलेल्या तेलाचा वास यायचा आणि मागोमाग पोलादाची साल निघतानाचा तो बारीक, सलग, दातांखाली कळ आणणारा सूर. एरवी मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीत या दिवसांत एकच आवाज असतो, पाचोळा उडवणाऱ्या यंत्रांचा, आणि तो साऱ्या घरांमधून सारखाच येतो. काकांच्या गॅरेजातला सूर मात्र वेगळा ओळखू यायचा. तो मध्येच तुटला की मी चालू मीटिंग म्यूट करून खिडकीशी जायचे, कारण सूर तुटला याचा अर्थ एक तर काका कोणावर तरी ओरडणार होते, नाही तर त्यांचा हात थरथरला होता. त्या शरदात मला या दोहोंपैकी दुसऱ्या गोष्टीची धास्ती जास्त वाटत होती.

काका आमच्या समोरच्या घरात राहत. मूळचे मिरजेकडचे, इंजिनिअर. ऐन तारुण्यात या बर्फात आले आणि कारखान्यांसाठी साचे आणि हत्यारं आखण्यात सारी नोकरी घालवून निवृत्त झाले. उंच, वाळकी देहयष्टी, वर आलेली गालांची हाडं, पांढऱ्या भुवयांखाली सतत काहीतरी मापणारे डोळे, आणि या साऱ्या कोरडेपणाच्या मध्यभागी एक आवाज, जो त्यांच्या देहाच्या मानानं अवाढव्य होता. ते मीठ मागत तेही ओरडून आणि कौतुक करत तेही ओरडून. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा या घरात आता भांडण पेटणार असं वाटून मी घास हातात धरून बसले होते. आणि सुमनकाकू त्या आवाजाखाली, पावसात छत्री उघडून चालावं तशा, निवांत वावरत होत्या.

अलीकडे मात्र त्यांचा उजवा हात त्यांचं ऐकेनासा झाला होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सावकाश फिरत राहायची, अदृश्य जपमाळेचे मणी ओढल्यासारखी, आणि ते पाहून काका स्वतःच चिडायचे, कारण जपाशी त्यांचं कधीच जमलं नव्हतं. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं होतं आणि काकांनी ते घरात उच्चारायला बंदी केली होती. एक नवल मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. हात रिकामा असला की थरथरायचा. त्यात पाना, कानस, व्हर्निअर, काहीही आलं की वादळात सापडलेल्या पाखराला फांदी मिळावी तसा क्षणात स्थिर व्हायचा. काकूंना, त्यांच्या मुलाला, निखिलला, आणि मलाही तो रिकामा हात दिसायचा. काकांना भरलेलाच दिसायचा.

त्यांच्या त्या अवाढव्य आवाजातला एक शब्द आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होता. शेजारच्या कार्लची मुलगी क्रिस्टिन लहानपणी या गॅरेजात घुसायची. लेथवरून उतरणारी चकचकीत, वळ्यावळ्यांची साल तिला खेळणं वाटायची. ती किती तापलेली असते हे तिला काय माहीत? तिचा चिमुकला हात पुढे झाला की काका गर्जत, “थांब!” इंग्रजी सुचायच्या आत मराठी बाहेर पडायचं. क्रिस्टिन आता चाळिशीला आली, शाळेत शिकवते, तरी मराठीतला तिला तेवढा एकच शब्द येतो, आणि तो ऐकला की तिचा हात अजून आपोआप मागे जातो.

कार्ल गेला तो त्या वसंतात, अंगणातलं बर्फ वितळत असताना. त्याच्या तळघरातल्या ओल धरलेल्या कोपऱ्यात त्याच्या वडिलांची रायफल सापडली. चापाभोवतीची कडी खाली ओढून पुन्हा वर घेतली की एक काडतूस आत जाऊन बसतं, अशी जुन्या घडणीची, लिव्हरची. आजारपणात कार्लला तिच्याकडे पाहणं झालं नव्हतं. वरून ती देखणी होती. लाकडी दस्त्यावर दोन पिढ्यांच्या गालांनी आणलेली तकाकी होती, आणि नळीवर जिथे कार्लचा डावा तळहात टेकायचा तिथला निळा रंग झिजून राखाडी झाला होता. आतून मात्र नळी गंजानं खाल्लेली. दुकानांत सांगितलं, ही नळी टाका, नवी लावा. क्रिस्टिनला नवी नको होती. वडिलांविना येणाऱ्या शिकारीच्या पहिल्या हंगामात, नोव्हेंबरात, तिला त्यांच्या झाडाखाली हीच रायफल घेऊन बसायचं होतं, त्या राखाडी जागेवर स्वतःचा तळहात ठेवून. ती डोळे पुसत काकांकडे आली.

काकांनी नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ आतल्या अंधारात बघत राहिले. गंजानं खाल्लेलं लोखंड परत भरता येत नाही, ते म्हणाले. पण भोवतीचं चांगलं लोखंड आणखी जरासं कोरून काढलं तर गंज त्याच्यासोबत निघून जातो. भोक मोठं होतं, जाड गोळीचं काडतूस लागतं, गोळीला फिरकी देणारे चरे नव्यानं पाडावे लागतात, काडतुसाची बैठक नव्यानं करावी लागते, आणि बाहेरची नळी मात्र आहे तशी राहते. “नळी तीच, पोट मोठं!” असं त्यांनी मला मराठीत सांगितलं आणि स्वतःच्याच वाक्यावर स्वतःच्याच पोटावरून हात फिरवत खूश होऊन हसले.

मला हसू आलं नाही. मला बंदुका आवडत नाहीत, आणि शाळेत गोळीबार झाल्यास लपून बसण्याचा सराव करून घरी येणाऱ्या मुलीच्या आईला या देशात त्या आवडणं कठीण आहे. शिवाय ज्या माणसानं जन्मात अंड्याला हात लावला नाही त्यानं हरणाच्या बंदुकीचा मारा वाढवायला बसावं, हे मला चमत्कारिक वाटलं आणि मी तसं तोंडावर म्हटलं. काका एवढ्यानं ओरडले की बाहेरची खार पळाली. “मी बंदूक करत नाहीये गं, मी भोक सरळ करतोय!” त्यांच्या लेखी जगात सरळ भोकं आणि वाकडी भोकं असे दोनच भेद होते, आणि वाकड्यांना त्यांच्याकडे माफी नव्हती.

मग तो सूर सुरू झाला आणि पानं गळेपर्यंत चालू राहिला. मी भाजी द्यायच्या निमित्तानं जायचे आणि दारात उभी राहायचे. लेथवर वाकलेले काका बाहेरच्या काकांपेक्षा निराळे दिसायचे. चेहऱ्यावरचा रागीटपणा विरघळून तिथे एक निर्मळ, जवळजवळ पोरकट एकाग्रता यायची, श्वास लांबायचा, आणि तो बंडखोर हात पोलादाच्या पृष्ठावर असा निश्चल टेकलेला असायचा की त्याच्या आजाराचं नावच खोटं वाटावं. एक धार केसाहून बारीक साल काढत आत जायची आणि परत यायची, पुन्हा आत जायची आणि परत यायची, आणि दर फेरीला त्या नळीतली पोकळी कळत नकळत वाढायची. मला तिथे उभं राहवत नसे आणि तिथून निघवतही नसे.

काडतुसाची बैठक हा त्यातला सर्वांत नाजूक भाग. तिथे फरक झाला तर स्फोटाचा दाब पुढे जायच्या ऐवजी मागे येतो, आणि मागे नेम धरणाऱ्याचा डोळा असतो. हे काकांनी मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला होता. बैठक जमली की नाही हे ते हातानं आणि कानानं ठरवायचे. लिव्हर वर येताना शेवटी एक कोरडा, आखूड, “खट्” आवाज यायला हवा. तो त्यांनी मला इतक्यांदा ऐकवला की भांडी लावताना ताटाला ताट लागलं तरी मी मान वर करायला लागले.

निखिल पार पश्चिम किनाऱ्याकडे, रेडमंडला असतो, तिथल्या पावसात, स्क्रीनसमोर. दर रविवारी व्हिडिओवर बापलेकांची जुंपायची. त्याचं म्हणणं सरळ होतं. “बाबा, प्लीज यार, हा टाइमपास नाहीये. समबडी विल पुट हर फेस नेक्स्ट टु दॅट थिंग. तुमचा हात शेक होतो, तुम्ही अ‍ॅक्सेप्टच करत नाही.” त्याचा सूर उद्धट होता, पण त्याखालची भीती खरी होती आणि ती आम्हा सगळ्यांची होती. एका रविवारी काका खवळून म्हणाले, “या कामात माझ्याकडून एक चूक होऊ दे, त्या दिवशी लेथ विकून टाक! मी स्वतः ट्रकमध्ये चढवून देईन!” निखिलनं ते ऐकलं आणि मान डोलावली. फोन बंद झाल्यावर काकूंनी पदरासारखा दुपट्टा खांद्यावर ओढून घेतला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्यांना काय हवं होतं हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही.

काकांनी घाई केली नाही. क्रिस्टिनच्या आजोबांचं उत्तरेला मक्याचं शेत आहे. तिथे नेऊन त्यांनी रायफल एका जुन्या टायरला करकचून बांधली, चापाला लांब दोरी लावली, आम्हाला गाडीआड उभं केलं आणि दोरी ओढली. शेत हादरलं, कावळे उठले. प्रत्येक बारानंतर ते रिकाम्या टरफलावरून अंगठा फिरवत, भिंगातून बघत, नळीच्या तोंडातून उजेड पाहत. सगळं निर्दोष होतं. पुढच्या शनिवारी क्रिस्टिननं खांद्याला लावून चालवायची आणि घरी न्यायची असं ठरलं.

त्या शनिवारी खंडेनवमी होती.

काकूंचा देवधर्म काकांच्या आवाजाखाली, पण आवाजाला न जुमानता चालायचा. दर खंडेनवमीला त्या गॅरेजात तबक घेऊन जायच्या; लेथला, हातोड्याला, पान्यांना हळदकुंकू लावायच्या, अक्षता वाहायच्या, आणि मागून काका ओरडत असायचे, “बेअरिंगला लावू नकोस! पाणी टाकू नकोस! गंज चढेल तो काय देवी उतरवणार आहे?” हाही पूजेचाच एक भाग होता. खंडेनवमी ही शस्त्रांची पूजा, आणि इतकी वर्षं या परक्या मुलखात काकूंनी ती पान्यांवर आणि स्क्रूड्रायव्हरवर भागवली होती. आता घरात खरंखुरं शस्त्र आलेलं. काकांनी आधीच बजावलं होतं, रायफलला बोट लावायचं नाही.

ते अंघोळीला गेले. रायफल टेबलावर होती, लिव्हर उघडी ठेवलेली. काकूंना क्रिस्टिनचा चेहरा दिसत असणार, त्या लाकडाला गाल टेकवलेला, आणि त्या लाकडामागे आपल्या नवऱ्याचा हात, ज्याच्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता आणि ज्याला तसं सांगायची त्यांची छाती नव्हती. अशा वेळी बाईनं देवीकडे नाही तर कुणाकडे जायचं? त्यांनी दस्त्यावर ओलं कुंकू टेकवलं, वर अक्षता टाकल्या, हात जोडले, आणि पाण्याचा आवाज थांबला तशी घाईघाईनं पेपर टॉवेलनं सगळं पुसून घेतलं. काका आले, त्यांनी नळीच्या तोंडातून उजेड पाहिला, उजेड स्वच्छ होता, आणि रायफल पेटीत घातली. कुंकवात भिजलेला तांदळाचा एक दाणा लिव्हरच्या उघड्या फटीतून आत जाऊन बैठकीच्या भिंतीला चिकटलेला होता. समोरून पाहणाऱ्याला दिसणारच नाही, अशा जागी.

शेतात पोहोचलो तेव्हा गोठलेलं दव वितळून कापलेल्या मक्याचे खुंट चमकत होते आणि वारा होता, मिनेसोटाचा, हाडांत शिरणारा. क्रिस्टिननं वडिलांचं नारिंगी जाकीट घातलं होतं, ते तिला खांद्यांवर मोठं होत होतं. कानांवर लावायची जाड झाकणं आम्हा सगळ्यांच्या अजून गळ्यात होती. ती गवताच्या भाऱ्यांसमोर उभी राहिली, डावा तळहात तिनं त्या राखाडी जागेवर ठेवला, क्षणभर तसाच ठेवून राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मी माझी सारी मतं तेवढ्यापुरती बाजूला ठेवली. काकांचे हात रिकामे होते. ते थरथरत होते, आणि या वेळी ते लपवायचं त्यांना भान नव्हतं.

तिनं काडतूस घातलं, लिव्हर वर घेतली. ती पूर्ण वर आली नाही. “लिट्ल टाइट,” ती हसून म्हणाली आणि तळव्यानं जोर दिला. लिव्हर बसली. आवाज आला, पण तो कोरडा नव्हता. त्यात काहीतरी दबल्यासारखं, चुरडल्यासारखं होतं. मी काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. “क्रिस्टिन, वेट,” ते म्हणाले, पण वाऱ्यात तो शब्द तिथेच विरला. तिनं एका कानावर झाकण चढवलं, दुसरं तसंच अर्धवट ठेवून गाल खाली नेला, बोट चापाकडे नेलं.

“थांब!”

तो आवाज मी आजही ऐकते. रानातून, खुंटांवरून, तिच्या चाळीस वर्षांवरून तो तिच्यापर्यंत गेला आणि तिचा हात चापावरून असा मागे आला, जणू पुन्हा तापलेल्या सालीकडेच गेला होता. नळी भाऱ्यांकडे, बोट बाहेर, ती जागच्या जागी खिळून उभी राहिली. काका चालत गेले, धावले नाहीत, आणि त्यांनी रायफल हातात घेतली. घेताक्षणी हात स्थिर झाला. त्यांनी लिव्हर तसूतसूनं उघडली. काडतूस बाहेर आलं. त्याच्या मानेवर एक बारीक खळगा पडला होता आणि त्या खळग्यात तांबूस लगदा होता, आणि लगद्यात अर्धा चुरडलेला तांदूळ.

बार उडाला असता तर काडतुसाच्या मानेला फुलायला जागा मिळाली नसती. एवढंच काका नंतर मला म्हणाले, आणि पुढचं त्यांनी सांगितलं नाही, कारण पुढे क्रिस्टिनचा डोळा होता.

त्या क्षणी त्यांनी तांदूळ पाहिला, मी पाहिला, आणि आमची नजरानजर झाली. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही तो तांबडा तांदूळ कुठून आला हे विचारावं लागत नाही. क्रिस्टिन जवळ येत विचारत होती, काय झालं, इज समथिंग राँग विथ इट? आयुष्यभर ज्यानं आपल्या हाताच्या एका चुकीचाही संशय सहन केला नाही त्या माणसानं काडतूस मुठीत मिटलं आणि तो शांतपणे म्हणाला, “माय मिस्टेक. आय लेफ्ट समथिंग इन. माझंच चुकलं.”

“काका,” मी म्हणाले.

“तू गप्प बस,” ते म्हणाले, तेही न ओरडता.

मग त्यांनी गजाला कापड गुंडाळून बैठक पुसली, पुन्हा पुसली, लिव्हर मिटून तो कोरडा “खट्” ऐकला, आणि पहिला बार स्वतःच्या खांद्यावरून काढला, गाल लाकडाला पुरता टेकवून. गोळी भाऱ्याच्या मधोमध लागली. नंतर क्रिस्टिननं झाडल्या त्याही तशाच सरळ गेल्या. रायफल अप्रतिम झाली होती. पण क्रिस्टिन बार काढताना अधूनमधून रायफलीकडे न बघता काकांच्या हाताकडे बघत होती, आणि ते काकांना दिसत होतं.

परतताना मी गाडी चालवत होते. दुतर्फा उघडी पडलेली शेतं होती, आकाश खाली उतरलेलं होतं, आणि शेजारी तो हात पुन्हा आपले मणी ओढत होता. काका म्हणाले, “सुमनला यातलं काही कळता कामा नये. तिनं आयुष्यभर ज्या देवापुढे हात जोडले, त्यानं असं केलं म्हणून कळलं तर ती कुठे जाईल?” मला त्यांचा राग आला, कौतुकही वाटलं, आणि दोन्ही गिळून मी हो म्हटलं.

क्रिस्टिन वाईट नव्हती. काकांवर तिचा वडिलांइतका जीव होता, आणि त्या जीवापोटीच तिनं निखिलला फोन केला. निखिल पुढच्याच आठवड्यात आला. काकांनी वाद घातला नाही. “बोललो होतो तसं कर,” एवढं म्हणाले. ज्या दिवशी लेथ गेलं त्या दिवशी बारीक बर्फ पडत होतं. ट्रकवाल्यांनी ते साखळ्यांनी उचललं तेव्हा काका ड्राइव्ह-वेच्या कडेला उभे राहून फक्त म्हणत होते, “सांभाळून, सांभाळून,” मराठीतच, आणि त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. काकू दारात होत्या. मी शब्द दिला होता, आणि तसा शब्द देणाऱ्याला अशा वेळी किती लहान वाटतं हे तेव्हा कळलं.

त्यानंतर तो आवाज उतरला. मीठ ते हळू मागू लागले. हाताला धरायला काही उरलं नाही तशी थरथर खांद्यापर्यंत चढली, मग पायांत उतरली, आणि पुढच्या उन्हाळ्यात, अंगणात गवत कापल्याचा वास दरवळत असताना, काका गेले. क्रिस्टिन आली होती. ती त्यांच्या पायांशी उभी राहिली आणि तो एकच शब्द, जो तिला येतो, तिनं तोंडातल्या तोंडात म्हटला.

यंदा खंडेनवमीला काकूंनी मला बोलावलं. गॅरेजचं दार पूर्ण वर होतं, आत उजेडाला अडवणारं काही नव्हतं. जमिनीवर लेथच्या पायांचे तेलकट चौकोन तेवढे उरले होते. एका पाटावर काकांचं व्हर्निअर आणि कानस मांडलेली. काकूंनी हळद लावली, कुंकू लावलं. तबकात तांदूळ नव्हते. मी सवयीनं विचारलं, “अक्षता आणू का आतून?”

“नकोत,” त्या म्हणाल्या. “आत जातात.”

काकू व्हर्निअरवरचं कुंकू बोटानं नीट करत राहिल्या.

“त्या दिवशी दस्त्याच्या फटीत कुंकू राहिलं होतं गं. मी घाईत पुसलेलं. त्यांच्या नजरेतून सुटेल का? आता घर डोक्यावर घेतील म्हणून मी तयारीत बसले होते. आले, हात धुतले, आणि म्हणाले, खीर छान झालीये. खीर मी वाढलीसुद्धा नव्हती.” त्यांनी बोटावरचं कुंकू पुसलं. “एवढी आज्ञा मोडली आणि ओरडले नाहीत. म्हणजे माझ्या हातून काय होता होता राहिलं असेल, ते मी समजले. मग निखिल आला, त्यांचा हात चुकला म्हणाला, आणि सगळंच समजलं.”

“मग बोलला का नाहीत, काकू? लेथ गेलं त्यांचं.”

“लेथ जायला मला हवंच होतं,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “मला वाटलं, ते गेलं तर निदान हा माणूस तरी राहील. ते ओरडले असते ना, तर मी सगळ्यांना सांगून टाकलं असतं. पण त्यांनी माझं झाकलं, आणि त्याचा मी फायदा घेतला.”

बाहेर कुणाच्या तरी अंगणात पाचोळ्याचं यंत्र सुरू झालं आणि आम्ही दोघी त्या मोकळ्या जमिनीकडे बघत उभ्या राहिलो. मी काकूंचा हात धरला. तो गार होता आणि अजिबात थरथरत नव्हता. गेलेल्या माणसाचा आवाज काळ हळूहळू पुसून नेतो, हे मी काकांच्या बाबतीत पाहते आहे. पण जे कधी बोललंच गेलं नाही, ते कुठून पुसायला घ्यावं हे काळालाही कळत नसावं.